डिकोडर नांदतो कुठे?

गेले दोन-तीन वीकेंड आमच्या घरी एकच विषय चालू आहे. जुना रिसीव्हर काढून नवा घ्यायचा का, आणि घ्यायचाच तर सोबत फोर-के डिस्क प्लेअर पण घ्यायचा का? बायकोचा प्रश्न साधा: "आहे त्याला काय झालंय?" उत्तर शोधायला म्हणून स्पेसिफिकेशन्स वाचायला बसलो आणि नेहमीप्रमाणे इतिहासात घुसलो. गंमत म्हणजे उत्तर तिथेच सापडलं.

मुळात प्रश्न एकच आहे. डिस्कवरचा सराउंड आवाज बहुतेक वेळा घडी घालून, दाबून भरलेला असतो. ती घडी उलगडणारा डिकोडर कुठे ठेवायचा, प्लेअरमध्ये की रिसीव्हरमध्ये? गेली तीस वर्षं हा डिकोडर माहेर-सासर करतोय.

थिएटरमध्ये डॉल्बी डिजिटल आलं 1992 साली, 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर. घरी आलं 1995 मध्ये, लेझरडिस्कवर. लेझरडिस्कमध्ये त्याला जागाच नव्हती, म्हणून एका अ‍ॅनलॉग ऑडिओ चॅनलच्या जागेत रेडिओ सिग्नलसारखं कोंबलं. ते सोडवायला वेगळा डिमॉड्युलेटर लागायचा. थोडक्यात काय, पहिल्याच व्हर्जनला जुगाड!

नोव्हेंबर 1996 मध्ये जपानात डीव्हीडी आली आणि प्रकरण सुटसुटीत झालं. एक ऑप्टिकल केबल (ती तोशिबाने 1983 मध्येच बनवली होती) लावली की प्लेअर घडी न मोडता आवाज पुढे पाठवणार, रिसीव्हर उलगडणार.

मग 1999 मध्ये सुपर ऑडिओ सीडी आणि 2000 मध्ये डीव्हीडी-ऑडिओ आली आणि सगळं उलटं झालं. इतका उत्तम सराउंड आवाज त्या ऑप्टिकल केबलमध्ये मावत नव्हता, आणि डिजिटल सिग्नल बाहेर सोडला तर लोक कॉपी करतील ही कंपन्यांना धास्ती. म्हणून डिकोडर प्लेअरमध्ये, आणि मागून सहा अ‍ॅनलॉग वायरी. बरं, त्या वाटेने आलेल्या आवाजावर बहुतेक रिसीव्हर स्पीकरच्या अंतराची सेटिंग्ज लावतच नसत. म्हणजे महाग आवाज आणि ट्यूनिंग शून्य.

यातून सुटका केली एचडीएमआयने. पहिलं व्हर्जन डिसेंबर 2002 मध्ये आलं, पण खरा बदल जून 2006 च्या 1.3 व्हर्जनने. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे लॉसलेस फॉरमॅट आता जसेच्या तसे रिसीव्हरपर्यंत जाऊ लागले. तेच वर्ष ब्ल्यू-रे आणि एचडी डीव्हीडीच्या लढाईचं. जानेवारी 2008 मध्ये वॉर्नर ब्ल्यू-रेकडे गेली आणि 19 फेब्रुवारीला तोशिबाने हात टेकले. एचडी डीव्हीडी घेतलेल्यांचे प्लेअर अडगळीत गेले. पण त्यांचे रिसीव्हर आणि स्पीकर? ते आरामात ब्ल्यू-रेला जोडले गेले. हा धडा मला फार महत्त्वाचा वाटतो: फॉरमॅटबरोबर मरतो तो प्लेअर.

शेवटचा टप्पा 2014 चा. डॉल्बी अ‍ॅटमॉस घरी आलं. यात आवाजाबरोबर तो खोलीत कुठे हवा ती जागाही पाठवली जाते. आता तुमच्या छतावर स्पीकर आहेत की नाहीत, हे कोणाला माहीत? रिसीव्हरला! त्यामुळे डिकोडर आता कायमचा तिथेच नांदणार. प्लेअरचं काम फक्त पोस्टमनचं.

इंजिनिअर म्हणून मला यातली बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी भारी वाटते. ब्ल्यू-रेवर ट्रूएचडीबरोबर साधं डॉल्बी डिजिटलही द्यावंच लागतं. म्हणजे जुन्यातला जुना रिसीव्हरही मुका राहत नाही. पण याच सोयीने मला फसवलं. माझ्या प्लेअरमध्ये 'ऑडिओ मिक्स' नावाचं सेटिंग चालू होतं. मेनूचे टकटक आवाज सिनेमात मिसळायला प्लेअर घडी स्वतः उलगडतो आणि पुन्हा साधी घडी घालून पाठवतो. कित्येक महिने मी साधं डॉल्बी डिजिटल ऐकत होतो आणि दोष रिसीव्हरला देत होतो. परवा ते बंद केलं, रिसीव्हरच्या डिस्प्लेवर ट्रूएचडी उमटलं आणि मी गप्प बसलो. :-)

मग निर्णय काय? अ‍ॅटमॉससाठी छतात स्पीकर बसवणार असाल तर नवा रिसीव्हर हवाच. माझे पाचच स्पीकर आहेत, आणि माझा रिसीव्हर एचडीएमआय 1.3 चा. एकच अडचण: फोर-के चित्राला लागणारं नवं कॉपी-प्रोटेक्शन त्याला कळत नाही, त्यामुळे चित्र त्यातून पुढे जाणार नाही. पण बऱ्याच फोर-के प्लेअरना दोन एचडीएमआय आउटपुट असतात. एक थेट टीव्हीला, दुसरं फक्त आवाजासाठी रिसीव्हरला. सुटला प्रश्न!

अमेरिकेतून मागवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. फोर-के डिस्कला रीजन कोड नसतो, पण साध्या ब्ल्यू-रेला असतो (भारत सी, अमेरिका ए). आणि रिसीव्हर तिकडून आणू नका, तो 120 व्होल्टचा निघाला तर ट्रान्सफॉर्मर सांभाळत बसाल.

प्लेअर मात्र आताच घेतोय. ओप्पोने 2018 मध्ये, सॅमसंगने 2019 मध्ये आणि एलजीने 2024 मध्ये या धंद्यातून अंग काढलं. स्ट्रीमिंगवरचा सिनेमा करार संपला की गायब होतो, कपाटातली तबकडी कुठे जात नाही. पण ती वाजवायला काहीतरी हवं ना!

असो. रिसीव्हरचे पैसे वाचले. "आहे त्याला काय झालंय?" याचं उत्तर, काही नाही. हे मी घरी अजून कबूल केलेलं नाही.