रोमकरांस, अध्याय 13

प्रेषित पौलाने इ.स. 57च्या सुमारास, सम्राट नीरोच्या काळात, रोममधील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्राचा हा भाग. राज्यसत्ता देवाने नेमलेली आहे, म्हणून कर भरावा, कायदा पाळावा, असे तो सांगतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 5 मध्ये मात्र पेत्र माणसांच्या हुकमापेक्षा देवाची आज्ञा श्रेष्ठ ठरवतो. ख्रिस्ती नागरिकाची निष्ठा समजून घ्यायची तर दोन्ही अध्याय शेजारी ठेवूनच वाचावे लागतात.

देव आणि देश या दोन्ही निष्ठा एकत्र नांदू शकतात: कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाल्यानंतरही कळकळीचे देशभक्त राहिले. पुढे 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा स्थापला.

श्रद्धा आणि राज्यसत्ता यांच्या नात्याचा प्रश्न भारतातील मतदानातही येतो. निवडणूक प्रचारात धर्माच्या नावाने मते मागणे हा 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(3) नुसार भ्रष्ट आचार ठरतो. मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या 1990च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2 जानेवारी 2017 रोजी, 4 विरुद्ध 3 मतांनी, ही बंदी उमेदवाराच्या धर्माइतकीच मतदाराच्या धर्मालाही लागू केली. श्रद्धेतून मत बनवायला मतदार मोकळा आहे. त्या श्रद्धेला मतांसाठी साद घालायला उमेदवार मोकळा नाही.