डेस्कटॉप पडतो तेव्हा खाली काय उरतं?

आजचा भाग थोडा घरचा आहे आणि बराचसा इतिहासाचा. सुरुवात घरापासून करतो.

आंबेगाव तालुक्यात घोड नदीच्या काठी माझ्या मामांचं गाव आहे. मामा गावातल्या दूध संकलन केंद्राचा हिशोब बघतात. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, प्रत्येकाचे लिटर, फॅट, एसएनएफ मोजून नोंद होते आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. केंद्रातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मीच लिनक्स टाकून दिलं होतं, आणि तेही पूर्ण मराठीत. मेनू मराठी, फोल्डर मराठी, फाइलींची नावं मराठी. त्याचा मला भारी अभिमान होता.

एका संध्याकाळी मामांचा फोन आला. "अरे, कॉम्प्युटर मेला. नुसता काळा पडदा आलाय, कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतीय. उद्या बिलं वाटायचीत. लोकांना काय सांगू आता?"

झालं असं होतं की अपडेट चालू असताना लाईट गेली. चूक माझीच, आपोआप अपडेट होण्याची सोय मीच चालू ठेवली होती. मी म्हणालो, "मामा, मेला नाही तो. वरचा मजला पडलाय फक्त. तळमजला शाबूत असणार."

पुढचा दीड तास आम्ही फोनवर होतो. त्या दीड तासात काय झालं ते सांगतोच, पण आधी हा तळमजला कुठून आला ते बघू. कारण त्याची एक गोष्ट मामांच्या गावापासून फार लांब नाही, शेजारच्या जुन्नर तालुक्यात घडलेली आहे.

नारायणगावजवळ आर्वी नावाचं गाव आहे. १९७१ साली तिथे विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. व्यावसायिक आंतरराष्ट्रीय संपर्कासाठीचं भारतातलं हे पहिलं भूकेंद्र. जवळजवळ ३० मीटर व्यासाची तबकडी, आणि तिचं तोंड हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे. परदेशी फोन तर तिथून जायचेच, पण टेलेक्सही जायचे. टेलेक्स म्हणजे टेलीप्रिंटर ते टेलीप्रिंटर निरोप. इकडे टाइपरायटरसारखी कळ दाबली की तिकडच्या यंत्रावर तेच अक्षर कागदावर उमटायचं. मुंबईतल्या कापडाच्या व्यापाऱ्याचा लंडनला जाणारा निरोप असा जुन्नरच्या आभाळातून जायचा.

आता हेच टेलीप्रिंटर अमेरिकेत दुसऱ्याच कामाला लागले होते. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना माणसाने यंत्राशी बोलायचं कसं हा प्रश्न होता. स्क्रीन महाग होत्या. टेलीप्रिंटर मात्र तयार होता, बाजारात मिळत होता. मग त्यांनी तारेच्या दुसऱ्या टोकाला माणसाऐवजी कॉम्प्युटर जोडला. तुम्ही एक ओळ टाइप करायची, यंत्र त्याच कागदावर उत्तर छापणार. कमांड लाइन म्हणतात ती हीच. १९६९ साली बेल लॅब्समध्ये केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली तेव्हा समोर 'टेलीटाइप मॉडेल ३३' होता. सेकंदाला १० अक्षरं छापायचा, आणि कळाही जड. युनिक्सच्या कमांड इतक्या तोकड्या का असतात, यादीसाठी 'एलएस', कॉपीसाठी 'सीपी', त्याचं एक कारण हे. प्रत्येक अक्षराला बोट दुखायचं.

आजही लिनक्समध्ये त्या काळ्या पडद्याचं नाव 'टीटीवाय' आहे, म्हणजे टेलीटाइपचंच लघुरूप. यंत्र भंगारात गेलं, नाव राहिलं.

मग चित्रं कधी आली? युनिक्सच्या जगात १९८४ साली, एमआयटीमध्ये 'एक्स' नावाची खिडक्यांची व्यवस्था तयार झाली. १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती निघाली आणि पुढची कित्येक वर्षं लिनक्सचे डेस्कटॉप तिच्यावरच चालले. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. युनिक्सच्या दृष्टीने चित्रांचा हा सगळा पसारा म्हणजे इतर प्रोग्रॅमसारखाच एक प्रोग्रॅम. मूळ व्यवस्था आधी उठते, डिस्क तपासते, नेटवर्क चालू करते, आणि मग शेवटी जाऊन डेस्कटॉपला हाक मारते. त्या हाकेला ओ आली नाही, तरी खालचं काही बिघडत नाही. मंडप कोसळला म्हणून जमीन खचत नाही, तसं.

हे मी कॉलेजात शिकलो खरं, पण पहिल्यांदा पाहिलं होतं शाळेत असताना, खोडदला. नारायणगावहून पूर्वेला साधारण दहा किलोमीटरवर खोडद आहे, आणि तिथे जीएमआरटी, म्हणजे महाकाय मीटर तरंगलांबीची रेडिओ दुर्बीण. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. १४ तबकड्या मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरमध्ये, आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या. सगळ्या मिळून साधारण २५ किलोमीटरचा पसारा. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, शाळांच्या गाड्या भरून मुलं तिथे येतात. मीही असाच गेलो होतो. मला वाटलं होतं, आत पडद्यावर रंगीत तारे दिसतील. दिसल्या त्या काळ्या खिडक्या आणि धावणाऱ्या अक्षरांच्या ओळी. मी निराश झालो, खोटं कशाला बोलू.

पुढे कळलं की ते तसं का होतं. तबकड्यांकडून ऑप्टिकल फायबरने येणारे संकेत एकमेकांशी जुळवायचे असतात. सुरुवातीला हे काम खास बनवलेली सर्किटं करत. २०१०च्या सुमारास ते काम सॉफ्टवेअरकडे आलं, आणि साध्या बाजारातल्या पीसींचा लिनक्सवर चालणारा समूह ते करू लागला. अशा यंत्रांना डेस्कटॉप लागत नाही. कुणी त्यांच्यासमोर बसून माऊस फिरवत नाही. लांबून, नेटवर्कवरून, एकेक ओळ लिहून त्यांना कामं सांगितली जातात. लिहिलेली ओळ जपून ठेवता येते, रात्रभर आपोआप चालवता येते, दुसऱ्याला जशीच्या तशी देता येते. 'तिथे क्लिक कर, मग इथे क्लिक कर' हे असं जपून ठेवता येत नाही.

म्हणजे मामा ज्याला 'मेलेला कॉम्प्युटर' म्हणत होते, तशाच काळ्या पडद्यातून डोंगरापलीकडे आकाशगंगांचा अभ्यास चालतो.

तर आता परत दूध केंद्रात. मी म्हणालो, "मामा, कंट्रोल आणि आल्ट दाबून धरा आणि वरचं एफ ३ दाबा." लिनक्समध्ये एकाच वेळी अनेक टीटीवाय तयार असतात, या कळांनी दुसऱ्यावर जाता येतं. काहीच झालं नाही. अर्धवट ड्रायव्हरने पडदा अडकवून ठेवला असणार.

मग दुसरी वाट. कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगितला, आणि सुरू होताना शिफ्ट दाबून धरायला सांगितली. 'ग्रब'ची यादी आली. पहिल्या ओळीवर असताना 'ई' हे अक्षर दाबायचं, मग जी ओळ 'लिनक्स' या शब्दाने सुरू होते तिच्या शेवटी जायचं, एक जागा सोडून फक्त ३ हा आकडा लिहायचा, आणि एफ १० दाबायचं. या तीनलाही इतिहास आहे. एटी अँड टीच्या जुन्या युनिक्समध्ये यंत्राच्या अवस्थांना क्रमांक होते, त्यांना रनलेव्हल म्हणत. रेड हॅट लिनक्सने ३ म्हणजे सगळं चालू पण चित्रं नकोत, आणि ५ म्हणजे डेस्कटॉपसकट, अशी पद्धत रुळवली. २०१०मध्ये सिस्टिमडी आलं, अवस्थांना आकड्यांऐवजी नावं मिळाली, पण जुन्या माणसांची सवय मोडू नये म्हणून ३ अजूनही चालतो. आणि हा बदल फक्त त्या एका वेळेपुरता असतो. परत चालू केलं की पुसला जातो. म्हणून घाबरायचं कारण नाही.

काळ्या पडद्यावर 'लॉगिन' आलं. मामांनी नाव टाकलं, मग पासवर्ड. "अरे, काहीच उमटत नाहीये!"

"नाही उमटणार. तरी लिहा आणि एंटर मारा." टेलीप्रिंटरवर पासवर्ड उमटला असता तर तो कागदावर कायमचा छापला गेला असता. तेव्हापासून तो दाखवायचाच नाही अशी रीत आहे.

आत गेलो. फोनवर एकेक अक्षर सांगणं सोपं नाही. "एल, लातूरचा. एस, साताऱ्याचा. आता एंटर." मामा थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "नुसते चौकोन दिसतायत. सगळं उडालं काय रे?"

माझ्याच पोटात गोळा आला. मग डोक्यात प्रकाश पडला. काही उडालं नव्हतं. फाइलींची नावं मराठीत होती, आणि त्या पडद्याला मराठी येत नव्हतं.

लिनक्सच्या या मूळ कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात. बरं, नुसते आकार भरूनही भागत नाही. 'कि' लिहिताना वेलांटी क च्या आधी काढावी लागते, 'क्ष' मध्ये अक्षरं एकमेकांत मिसळतात. इथे मात्र एका चौकटीत एक अक्षर, पुढच्या चौकटीत पुढचं, बस. याचं मूळ परत त्या मॉडेल ३३मध्ये आहे. १९६३ साली ठरलेल्या 'आस्की' या संकेतावर चालणाऱ्या पहिल्या काही यंत्रांपैकी ते एक. १२८ खुणा, त्यात इंग्रजी अक्षरं, अंक, चिन्हं. मॉडेल ३३ला तर इंग्रजीचीही फक्त मोठी लिपी छापता यायची.

आणि गंमत बघा, आपल्याकडे हा प्रश्न एकदा सुटला होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं 'जिस्ट'चं काम पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये पुढे वाढलं. जिस्ट कार्ड पीसीमध्ये बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर, डीबेससारख्या निव्वळ अक्षरांच्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी उमटायची. सगळी जुळवाजुळव ते कार्ड करायचं. मग विंडोज आलं, युनिकोड आलं, सुंदर फॉन्ट आले, आणि मराठी वरच्या मजल्यावर राहायला गेली. तळमजल्यावर तिच्यासाठी जागा ठेवायचं राहून गेलं. ज्या दिवशी मंडप पडतो, त्या दिवशी हे कळतं.

आता पुढचा पेच. यंत्राची उत्तरंही मराठीतच येत होती, म्हणजे तीही चौकोनच. म्हणून पहिली कमांड कोणती द्यावी लागली असेल? भाषा बदलायची. 'लँग' या खुणेला 'सी' ही किंमत द्यायची, की यंत्र साध्या इंग्रजीत बोलतं. मराठी हिशोब वाचवायला आधी मराठी बंद करावी लागली. मला ते बरं वाटलं नाही, पण उपाय नव्हता.

फाइलींची नावं मामांना टाइप करता येणार नव्हती. म्हणून नावं घेतलीच नाहीत. पेनड्राइव्ह हाताने माऊंट केला, कारण इथे तो आपोआप उघडत नाही, आणि वापरकर्त्याचं 'होम' जसंच्या तसं त्यावर उचललं. पडद्यावर चौकोन दिसले तरी डिस्कवर नावाचे बाइट शाबूत असतात, कॉपी करताना तेच जातात. मामांनी पेनड्राइव्ह शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपला लावून बघितला आणि फोनवर म्हणाले, "आहे रे सगळं. आजच्या सकाळपर्यंतचं आहे." तेव्हा कुठे मी पाणी प्यायलो.

त्यानंतरच दुरुस्तीला हात घातला. क्रम हाच ठेवायचा मंडळी, आधी माल बाहेर, मग डागडुजी. डेबियन जातीच्या लिनक्सवर अर्धवट राहिलेली पॅकेजं पूर्ण करायची एक कमांड असते, डीपीकेजीची. ती मामांनी लिहिली, ओळी धावल्या, पाच-सात मिनिटं गेली. परत चालू केल्यावर डेस्कटॉप आला, मराठी मेनूसकट. दुसऱ्या दिवशी बिलं वेळेवर गेली.

पुढच्या खेपेला गावी गेलो तेव्हा मी दोन गोष्टी केल्या. आपोआप अपडेट बंद केलं. आणि वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात पायऱ्या लिहून भिंतीला चिकटवल्या: शिफ्ट, ई, शेवटी ३, एफ १०. पान मराठीत आहे. तळमजल्यावर मराठी उमटेल तेव्हा उमटेल, तोवर भिंतीवर तरी असू दे.

मामा आता लोकांना सांगतात, "काळा पडदा आला म्हणजे मेला नसतो, खाली गेलेला असतो." भेटू पुढच्या भागात.