क्षमा, ख्रिस्ती धर्मातील

पाप केलेल्या माणसाचा दोष परमेश्वर आपल्या दयेने दूर करतो आणि त्याला पुन्हा जवळ घेतो, ही ख्रिस्ती श्रद्धेतील मध्यवर्ती कल्पना. दया हा परमेश्वराचा स्वभाव आणि क्षमा ही त्या स्वभावातून घडणारी कृती, असा ढोबळ भेद करता येतो.

बायबलमधील मूळ शब्द या बाबतीत बोलके आहेत. दयेसाठी जुन्या करारात येणारा हिब्रू शब्द ‘रहमीम’ हा गर्भाशय या अर्थाच्या ‘रेहेम’शी जोडलेला आहे. मराठी माणूस अपराध ‘पोटात घालतो’. त्याला हे नाते समजावून सांगावे लागत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील (अध्याय १५) उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात, वाटणी उडवून परतलेला मुलगा लांबून दिसताच बापाला जे झाले, त्यासाठीचे ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलेले आहे. बापाचे आतडे तुटले आणि तो धावत सुटला. मुलाने पाठ करून आणलेली कबुली त्याने पुरती ऐकूनही घेतली नाही. या स्वागतावर रुसून घराबाहेर उभ्या राहिलेल्या थोरल्या भावाचे पुढे काय झाले, हे मात्र दृष्टांत सांगत नाही.

क्षमेची दुसरी प्रतिमा कर्जाची आहे. येशूच्या बोलीत, म्हणजे अरामी भाषेत, ‘होबा’ या एकाच शब्दाचे कर्ज आणि पाप असे दोन्ही अर्थ होत. त्यामुळे प्रभूची प्रार्थना मत्तयाच्या शुभवर्तमानात ऋण सोडण्याची विनवणी करते, तर लूकमध्ये त्याच जागी पाप हा शब्द येतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? उत्तरादाखल येशू एका राजाची गोष्ट सांगतो. राजाचा चाकर त्याला दहा हजार तालांत देणे लागत होता. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. म्हणजे देणे सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे. तुलनेसाठी, यहुदियाच्या हेरोद राजाचे राज्य वाटले गेले तेव्हा त्याच्या तीन मुलांच्या वाट्यांचे वार्षिक उत्पन्न मिळून नऊशे तालांत होते, असे योसेफस हा इतिहासकार नोंदवतो. तेव्हा ‘थोडी सवड द्या, सगळे फेडतो’ ही चाकराची विनवणी ऐकून श्रोत्यांना हसू आले असणार. राजाने सवड दिली नाही, कर्जच सोडले. बाहेर पडताच या चाकराने शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याची मानगूट धरली. राजाला हे कळले आणि सोडलेले कर्ज पुन्हा त्याच्या डोक्यावर आले.

दृष्टांताचा हा शेवट अवघड आहे, आणि प्रवचनांत तो अनेकदा घाईने उरकला जातो. क्षमा विकत मिळत नाही. पण ती घेऊन दुसऱ्याला नाकारणाऱ्याकडे ती टिकतही नाही, असा त्याचा रोख आहे. शिवाय कर्ज सोडले म्हणजे ते हवेत विरत नाही, तोटा सावकाराच्या अंगावर येतो. क्रुसावरील मरणाचा अर्थ लावताना धर्मशास्त्रज्ञांनी हाच धागा धरला. कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने अकराव्या शतकाच्या अखेरीस मांडले की देणे माणसाचे, पण फेडण्याची ऐपत फक्त देवाची, म्हणून देव माणूस झाला. पीटर आबेलार्डचा भर मात्र क्रुसावर प्रकटलेल्या प्रेमावर होता. त्या प्रेमाने माणसाचे मन पालटते, असे त्याचे म्हणणे.

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांत गंभीर पापांचे प्रायश्चित्त उघडपणे, मंडळीसमोर करावे लागे. खासगी पापनिवेदनाची रीत मुख्यतः आयरिश मठवासीयांनी रुजवली. वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे, असा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेने घातला. गोव्याच्या कोंकणीत पापनिवेदनाला ‘कुमसार’ म्हणतात. जाळीआड बसलेल्या धर्मगुरूपाशी भाविक हलक्या आवाजात पापे सांगतो, धर्मगुरू प्रायश्चित्त नेमून देतो आणि दोषमुक्तीचे शब्द उच्चारतो. ऐकलेले तो कोणालाही, न्यायालयालाही, सांगू शकत नाही. चोरलेली वस्तू परत करण्याची जबाबदारी मात्र दोषमुक्तीने संपत नाही. पापाची शिक्षा माफ करणाऱ्या चर्चच्या पत्रांचा बाजार पाहून मार्टिन लूथरने १५१७ मध्ये आपले ९५ मुद्दे मांडले. प्रॉटेस्टंट पंथांत क्षमा थेट परमेश्वराकडे, केवळ श्रद्धेने मागितली जाते.

क्षमा म्हणजे शिक्षेला फाटा, असे नव्हे. केरळच्या सिस्टर राणी मरिया या मध्य प्रदेशातील आदिवासींना सावकारी पाशातून सोडवण्याचे काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी देवास जिल्ह्यात बसने जात असताना त्यांना भोसकून मारण्यात आले. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. राणी मरिया यांची धाकटी बहीण, जी स्वतःही धर्मभगिनी आहे, तुरुंगात त्याला भेटायला गेली आणि तिने त्याच्या हाताला राखी बांधली. तो २००६ मध्ये सुटला. राणी मरिया यांना ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे ‘धन्य’ (संतपदाआधीची पायरी) म्हणून घोषित करण्यात आले.