मालक गेला, फीड राहिली

मार्च १९९९ मध्ये नेटस्केपने ‘माय नेटस्केप’ या पोर्टलसाठी आरएसएस ही फीडची रचना आणली. रामनाथन गुहा आणि डॅन लिबी या तिथल्या तंत्रज्ञांनी ती घडवली होती. संकेतस्थळांनी आपले ताजे मथळे ठरावीक साच्यातल्या फाइलमध्ये ठेवायचे आणि पोर्टलने ते उचलून वाचकापुढे मांडायचे, एवढाच मूळ बेत होता. २००१ मध्ये नेटस्केपने पोर्टलवरून ही सोय काढून टाकली, तरी फीडचा प्रसार वाढतच गेला. याचे श्रेय बहुधा डेव्ह वायनर यांना दिले जाते. २००२ मध्ये आरएसएस २.० आणून त्यांनी साचा स्थिर केला, हे खरेच आहे. पण माझ्या मते तितकेच श्रेय फीड वाचणाऱ्या, सर्व्हरवर चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टांचे आहे.

त्या काळी ब्राउझरच्या सुरक्षा-नियमांमुळे एका संकेतस्थळावरची जावास्क्रिप्ट दुसऱ्याची फाइल थेट वाचू शकत नसे. सर्व्हरला ही आडकाठी नव्हती. पीएचपी किंवा पर्लमधली स्क्रिप्ट फीड आणायची, प्रत्येक ‘आयटम’मधले शीर्षक, दुवा आणि सारांश वेगळे काढायची आणि वाचकाला तयार पान द्यायची. दर वाचकामागे मूळ सर्व्हरवर धडक मारायला नको म्हणून आणलेली प्रत काही काळ जपून ठेवली जाई. ती किती मिनिटे चालवावी, हे सांगायला आरएसएस २.० मध्ये ‘टीटीएल’ ही खूणच आहे. २००४ मध्ये पीएचपी ५ सोबत सिम्पलएक्सएमएल आले आणि हे काम मोजक्या ओळींत होऊ लागले. साध्या होस्टिंगवरचे संकेतस्थळही आता स्वतःचे बातमीपान मांडू शकत होते.

ही दुसऱ्याच्या कष्टांवरची कमाई नाही का, हा आक्षेप रास्त आहे. मात्र फीडमध्ये किती मजकूर द्यायचा हे मूळ प्रकाशकच ठरवतो आणि दुवा वाचकाला त्याच्याकडेच नेतो. दुवा गाळून मजकूर उचलणे ही चोरीच. तो दोष उचलणाऱ्याचा आहे, साच्याचा नाही. दुसरा आक्षेप असा की १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाले, तेव्हाच फीड संपली. पण तेव्हा बंद झाले ते एक वाचनसाधन. पॉडकास्टचे भाग आजही आरएसएसवरूनच श्रोत्यांपर्यंत पोहोचतात. साचा खुला आणि तो वाचायची स्क्रिप्ट कुणालाही लिहिता येण्याजोगी, म्हणून एका कंपनीच्या माघारीने फीड थांबली नाही. म्हणूनच प्रत्येक वृत्तपत्राने आणि सार्वजनिक संस्थेने आपली फीड चालू ठेवायला हवी.