ओपलच्या अभ्यासाकडे: प्रस्तावना

माणिक लाल दिसते ते त्यातल्या क्रोमियममुळे, नीलम निळा दिसतो तो लोह आणि टायटेनियममुळे. ओपलमधल्या रंगांच्या खेळाला मात्र असे कोणतेच मूलद्रव्य लागत नाही. सिलिका आणि पाणी, एवढाच त्याचा ऐवज. तरी खडा बोटांत जरासा फिरवला की हिरव्याचा निळा होतो, कुठेतरी लाल ठिणगी उठते. रत्नशास्त्राकडे वळणाऱ्या वाचकाने सुरुवात ओपलपासून करावी, असे मला मनापासून वाटते ते यासाठीच. इथे तो कशाचा बनला एवढे कळून भागत नाही. कसा रचला गेला, हे विचारावेच लागते.

ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडी परिसरात सुमारे 11 कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या गाळाचे खडक झाले आणि पुढे ते झिजू लागले. फेल्डस्पारसारखी खनिजे कुजली, त्यांतली सिलिका पाण्यात उतरली. हे पाणी झिरपत भेगांत, पोकळ्यांत साचले. शिंपल्यांच्या आणि सागरी सरीसृपांच्या हाडांच्या जागीही तिथे ओपल मिळतो. साचलेल्या पाण्यात सिलिकेचे अतिसूक्ष्म गोल तयार झाले आणि हळूहळू तळाशी बसत गेले.

हे गोल माणसाने पाहिले ते थेट 1964 साली. जे. व्ही. सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओपल ठेवला, तेव्हा ताटात लाडू रचावेत तसे एकसारख्या आकाराचे गोल थरावर थर रचलेले दिसले. त्यांचा व्यास साधारण 150 ते 300 नॅनोमीटर. प्रकाश या रचनेतून जाताना विवर्तित होतो. गोल लहान असतील तर निळा-जांभळाच उमटतो. लाल रंगासाठी ते मोठे हवेत, आणि तरीही एकसारखे. लाल झळाळीचा ओपल दुर्मीळ असतो तो म्हणूनच.

गोल लहानमोठे असले, रचना विस्कटली, की उरतो निस्तेज ओपल. ऑस्ट्रेलियातले खाणकामगार त्याला ‘पॉच’ म्हणतात आणि बहुधा फेकून देतात. अभ्यासकाने मात्र तो जपून ठेवावा: द्रव्य तेच असताना रंग का हरवला, हे त्याच्याशी तुलना केल्यावरच कळते. असा साधा ओपल आपल्या दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांतही अकीक आणि झिओलाइट यांच्या सोबतीने सापडतो. ओपल घडायला नेमका किती काळ लागतो, यावर मात्र अभ्यासकांचे अजून एकमत नाही. नव्या विद्यार्थ्यांना इथे करण्यासारखे पुष्कळ आहे.