लंडनचा अभ्यास आणि परळचे घर

विद्वानांची चरित्रे लिहिताना आपण त्यांच्या पदव्या मोजतो. त्या पदव्यांपायी घरच्या माणसांनी काय सोसले, याचा हिशेब बहुधा कोणी ठेवीत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लंडनमधील दिवसांकडे या दृष्टीने पाहिले असता त्यांच्या विद्याव्यासंगाची खरी किंमत ध्यानात येते.

बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून १९१६ साली ते लंडनच्या स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी वेतनातून काही रक्कम शिलकीस टाकली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला निघाले.

मागे परळच्या चाळीतील दोन खोल्यांत रमाबाई, मुले व इतर कुटुंबीय राहिले. प्राध्यापकीचे वेतन थांबलेले. जवळची पुंजी लंडन आणि परळ अशा दोन ठिकाणी पुरवावयाची. अशा घरात एखादे मूल आजारी पडले म्हणजे औषधाचा खर्च, रात्रीची जागरणे आणि निर्णयाची जबाबदारी या तिन्ही गोष्टी एकट्या मातेच्या शिरावर येत.

१९२१ च्या नोव्हेंबरात किंग हेन्रीज रोडवरील बिऱ्हाडातून बाबासाहेबांनी रमाबाईंना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. गंगाधर आजारी असल्याचे कळून त्यांना दुःख झाले होते. पत्रात त्यांनी पत्नीस धीर दिला, तिच्या शिक्षणाविषयी समाधान व्यक्त केले, पैशाची तजवीज करीत असल्याचे कळविले आणि आपलीही तेथे अन्नान्नदशा असल्याचे सांगितले. त्या काळी आगबोटीने जाणाऱ्या टपालास दोन-तीन आठवडे लागत. आजाराची वार्ता पित्याच्या हाती पडे, तेव्हा बालकाची प्रकृती सुधारली की बिघडली, हे त्याला कळण्यास मार्ग नसे. त्याच मनःस्थितीत दुसऱ्या दिवशी ग्रंथालय गाठून रुपयाच्या चलनाचा इतिहास तपासावयाचा!

त्यांचा ‘रुपयाचा प्रश्न’ हा प्रबंध १९२२ साली सादर झाला. परीक्षकांनी त्यातील काही भागास हरकत घेतली. १९२३ साली मुंबईस परतल्यावर त्यांनी तो दुरुस्त करून पुन्हा पाठविला. त्याच वर्षी डी.एस्सी. पदवी मिळाली आणि प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथही प्रसिद्ध झाला.

घराचा हिशेब मात्र निराळा आहे. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न या पाच अपत्यांपैकी केवळ यशवंत मोठे झाले. धाकट्या राजरत्नाचा मृत्यू जुलै १९२६ मध्ये, म्हणजे पिता पदव्या संपादून घरी आल्यानंतर झाला. त्यावरून दिसते की, दूरदेशीचा विरह हेच केवळ या दुःखाचे कारण नव्हते. दारिद्र्य आणि त्या काळच्या चाळींतील बालमृत्यू यांनी ते घर ग्रासले होते. २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले. पाकिस्तानविषयक आपला ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्याच स्मृतीस अर्पण केला आणि अर्पणपत्रिकेत त्यांच्या धैर्याचा व सोशिकपणाचा गौरव केला. ज्या पदव्यांवर रमाबाईंचे नाव नाही, त्यांचे ऋण असे एका ग्रंथाच्या पहिल्या पानावर नोंदले गेले.

समाजबांधवांनी यातून एक व्यावहारिक बोध घ्यावा. आपली मंडळे परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याचा सत्कार करतात, त्यास फंडातून मदत देतात. हे उचितच होय. परंतु त्याच्या मागे राहिलेल्या घरी मूल तापाने फणफणत असेल, तर डॉक्टरांना आणावयास कोण जाणार? शिष्यवृत्तीच्या अर्जावर हा प्रश्न नसतो. तो विचारणे आणि त्याचे उत्तर बनून त्या दारी उभे राहणे, हे ज्ञातिसंस्थेचेच कार्य आहे.