मृताचें मोल

एखाद्याच्या हयगयीनें दुसऱ्याचा पाय मोडला, तर औषधपाण्याचा खर्च व बुडालेली मजुरी त्यानें भरून द्यावी, हें कोणत्याही समाजास सहज पटतें. परंतु त्याच हयगयीनें माणूस जिवानिशीं गेला, तर त्याच्या बायकामुलांना दिवाणी न्यायालयांत दाद मागतां यावी, ही गोष्ट कायद्याला पटावयास फार काळ लागला. जखमेबद्दल देणें लागतें, मृत्यूबद्दल लागत नाहीं, असा हा विपरीत न्याय होता. तो कसा मोडला आणि मोडल्यावरही त्याचे अवशेष कोठें कोठें राहिले, हें पाहण्यासारखें आहे. कारण आपल्याकडील कायदा त्याच वाटेनें आला आहे.

इ. स. १८०८ सालीं लंडनमध्यें लॉर्ड एलेनबरो यांच्यापुढें एक दावा चालला. पोर्टस्मथहून लंडनला निघालेल्या उतारूंच्या घोडागाडीच्या टपावर एक नवराबायको बसलीं होतीं. गाडी उलटली. नवऱ्याला मुका मार लागला. बायको सुमारें महिन्याभरानें इस्पितळांत वारली. वादी मद्यगृह चालवीत असे, व त्या धंद्याचा पुष्कळसा भार ही बाईच वाहत असे, असें पुराव्यांत आलें. न्यायमूर्तींनीं ज्यूरीस सांगितलें कीं, मनुष्याचा मृत्यु ही दिवाणी न्यायालयांत हानि म्हणून मांडतां येत नाहीं. वादीचा स्वतःचा मार, आणि बायको जिवंत होती तोंपर्यंतचा तिच्या सहवासाचा तोटा, एवढेंच हिशेबीं धरावें. ज्यूरीनें १०० पौंड दिले. त्या महिन्यानंतरचीं सगळीं वर्षें कायद्याच्या लेखीं शून्य ठरलीं.

या निकालाची नोंद अवघ्या कांहीं ओळींची आहे. ती ज्या संग्रहांत छापली गेली, तो जॉन कॅम्बेल नांवाच्या एका तरुण बॅरिस्टरानें तयार केला होता. अडतीस वर्षांनीं याच गृहस्थानें, लॉर्ड कॅम्बेल झाल्यावर, तो नियम मोडणारा कायदा पार्लमेंटकडून मंजूर करवून घेतला. इतिहासांत असे योग क्वचित् जुळतात.

मधल्या काळांत आगगाडी आली होती. इंग्लंडांत एक अतिप्राचीन चाल अशी होती कीं, ज्या वस्तूमुळें माणूस मरे, ती वस्तु किंवा तिची किंमत ‘देवार्पण’ म्हणून राजाकडे जमा व्हावी. बैल, गाडी, झाडाची फांदी असल्या वस्तूंपुरती ही चाल निरुपद्रवी होती. परंतु आगगाडीचें एंजिन हीहि वस्तूच! १८४१ सालच्या नाताळच्या आदल्या दिवशीं सॉनिंग येथील खिंडींत कोसळलेल्या दरडीवर गाडी आदळून तिसऱ्या वर्गाचे उतारू दगावले, तेव्हां ज्यूरीनें एंजिन व डबे यांवर १००० पौंडांचें देवार्पण बसविलें. ज्यूरीचा संताप त्यांत दिसतो. पण मृतांच्या घरीं त्यांतून एक कवडीहि जावयाची नव्हती.

आपल्या जुन्या ग्रंथांतहि हाच विचार आढळतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गाडीच्या अपघातांचा बारीक विचार आहे. वेसण तुटली, जूं मोडलें, आंस मोडला, सारथ्यानें ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडून सांगितलें, अशा प्रसंगीं दंड नाहीं. अडाणी सारथि नेमल्यामुळें अपघात झाला तर मालकास २०० पण दंड आहे. अंगास इजा झाल्यास बरें होण्याचा खर्चहि इजा करणाऱ्यानें सोसावयाचा आहे. परंतु माणूस मेल्यास अपराध्याला चोराप्रमाणें दोषी धरलें आहे, म्हणजे प्रकरण राजाचें झालें. जखमीला खर्च मिळतो, विधवेला मात्र कांहीं नाहीं. दोन भिन्न संस्कृतींनीं एकच चूक करावी, याचें कारण उघड आहे: मृत्यु म्हटला कीं सत्तेला दंड आठवतो, घर आठवत नाहीं.

१८४६ च्या ऑगस्ट महिन्यांत पार्लमेंटनें देवार्पणाची चाल रद्द केली, आणि त्याच महिन्यांत लॉर्ड कॅम्बेलचा कायदा झाला. मृत जगता तर त्याला ज्या कृत्याबद्दल दावा करतां आला असता, त्या कृत्याबद्दल त्याची पत्नी, पति, आईबाप व मुलें यांच्या हितासाठीं दावा करतां यावा, असें त्यानें ठरविलें. दार उघडलें खरें. पण लौकरच त्याला उंबरठा बसला. १८५२ सालीं एका रेल्वे कंपनीविरुद्धच्या दाव्यांत न्यायालयानें निर्णय दिला कीं, भरपाई केवळ पैशाच्या नुकसानीची, दुःखाची नव्हे. तेव्हांपासून मृताचें मोल म्हणजे त्याची मिळकत, असें समीकरण रूढ झालें.

१८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी धांवली, आणि १८५५ सालीं त्या वर्षाचा तेरावा कायदा हिंदुस्थानांत आला. अशा मृत्यूबद्दल कोणत्याही न्यायालयांत दावा चालत नाहीं, अशी कबुली त्याच्या प्रास्ताविकांतच आहे. कायदा विलायती सांच्याचा होता. हक्कदारांची यादीहि तीच. आजोबा, आजी, नातवंडें, सावत्र मुलें यांना तींत स्थान होतें. भाऊ व बहीण यांना नव्हतें. ज्या देशांत थोरल्या भावाच्या पगारावर धाकट्यांचीं शिक्षणें होत आणि बहिणींचीं लग्नें पार पडत, त्या देशांत ही उणीव कागदापुरती नव्हती. १९३९ च्या मोटारवाहन कायद्यांत १९५६ सालीं सुधारणा होऊन अपघातांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली व ‘कायदेशीर प्रतिनिधींना’ अर्ज करण्याची मुभा मिळाली. या शब्दांत भाऊ येतात काय, हा प्रश्न चौदा वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८७ सालीं न्यायालयानें हिंदी कुटुंबाची रचना ध्यानांत घेऊन भावांच्या बाजूनें कौल दिला. उणीव भरून निघावयास १३२ वर्षें लागलीं, आणि तीहि मोटारीच्या अपघातांपुरती.

मिळकतीचें समीकरण कसें चालतें, तें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, वार्षिक १,२०,००० रुपये मिळविणारा तीस वर्षांचा गृहस्थ अपघातांत गेला. मागें पत्नी, दोन मुलें व आई. सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं घालून दिलेल्या कोष्टकाप्रमाणें, चार माणसें अवलंबून असल्यास मृताच्या स्वतःच्या खर्चापोटीं चौथा हिस्सा वजा करावयाचा, उरले ९०,०००. तीस वर्षांच्या वयाला गुणक १७. गुणाकार १५,३०,००० रुपये. त्यांत भावी उत्पन्नवाढीची भर पडते. ही पद्धति निष्ठुर वाटेल, परंतु तिच्यामुळें एका न्यायाधीशाच्या मर्जीवर विधवेचें नशीब लोंबकळत राहत नाहीं, हा तिचा गुण विसरतां कामा नये.

मग जिला पगारच नाहीं तिचें काय? बौधायनाच्या धर्मसूत्रांत क्षत्रियाच्या वधाबद्दल राजाला हजार गाई, वैश्याबद्दल शंभर, शूद्राबद्दल दहा द्यावयाच्या असून स्त्रीवधाला, अपवाद वगळतां, शूद्रवधाचाच नियम लाविला आहे. त्या तराजूला आपण हंसतों. पण कमाईच्या तराजूवरहि गृहिणीचें पारडें हलकेंच राहत आलें. १९८९ च्या ३ मार्चला जमशेदपूर येथील समारंभांत आग लागून अनेक बायकामुलें मृत्यु पावलीं. त्या प्रकरणीं २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ३४ ते ५९ वर्षांच्या गृहिणींच्या घरकामाचें मोल महिना ३००० रुपये धरलें. रक्कम अल्पच होती. तरी रांधणें, निजवणें, आजाऱ्याची उशागत करणें यांना पैशांत किंमत आहे, हें तत्त्व तींत मान्य झालें. २०१० सालीं त्याच न्यायालयानें, २००१ च्या जनगणनेंत गृहिणींना भिकारी व कैदी यांच्यासमवेत ‘काम न करणाऱ्यां’च्या रकान्यांत घातल्याबद्दल परखड टीका केली. मद्यगृह चालविणारी ती पोर्टस्मथच्या गाडीवरील बाई या निकालांची पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं. तिचें काम न्यायालयासमोर सिद्ध झालें होतें, फक्त मोजलें गेलें नव्हतें.

राहिलें दुःख. १८५२ मध्यें जें नाकारलें गेलें, त्यासाठीं इंग्लंडनें १९८२ सालीं ३५०० पौंडांची ठराविक रक्कम कायद्यांत घातली. आपल्याकडे २०१७ सालीं घटनापीठानें जोडीदाराच्या सहवासनाशाबद्दल ४०,००० रुपये ठरविले. या आंकड्यांनीं कोणाचें दुःख फिटत नाहीं, आणि न्यायालयाचाहि तसा दावा नाहीं. रक्कम ठराविक ठेवण्यांत एक शहाणपण आहे: कोणाचें रडणें किती खरें, याची उलटतपासणी टळते. परंतु मिळकतीच्या बाबतींत ती उलटतपासणी अजून चालूच असते. ज्याच्या कमाईला पावती नाहीं असा मजूर, भाजी विकणारी बाई, शिकत असलेला मुलगा, यांचें उत्पन्न अंदाजानें धरावें लागतें, आणि अंदाज करणाराची नजर जेवढी उदार, तेवढाच आंकडा मोठा होतो. कायद्यानें मागें राहिलेल्यांना न्यायालयांत जागा दिली, हें मोठेंच काम झालें. तेथें बसलेल्या प्रत्येकाच्या माणसाचें काम नीट मोजणें, हें पुढील काम आहे.